खाडा पडल्यावरही उघडावंसं वाटेल असं चालण्याचं ॲप: नव्याने डिझाइन करणाऱ्यांसाठी

व्यायामाचं ॲप करायला बसलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिला दिवस येतो. नवे बूट, नवा उत्साह, स्क्रीनवर भरत जाणारं हिरवं वर्तुळ. मी तुम्हाला चालण्यात खंड पडल्यानंतरचा बारावा दिवस डोळ्यांसमोर आणायला सांगेन. एक बाई सलग २३ दिवस चालल्या. मग घरी पाहुणे आले, मग नातवाला ताप आला, मग पावसाने झड लावली, आणि अकरा दिवस चालणं झालंच नाही. बाराव्या दिवशी सकाळी त्या बाई फोन हातात घेतात आणि तुमचं ॲप उघडतात. समोर लाल रंगात लिहिलेलं असतं: 'तुमची २३ दिवसांची साखळी तुटली.' त्या ॲप बंद करतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: खाडा. दुधाच्या हिशेबातला, मावशींच्या हजेरीतला. एखाद्या दिवशी दूध आलं नाही तर कॅलेंडरवर खूण होते, महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा होतात आणि रतीब चालू राहतो. खाडा पडला म्हणून रतीब मोडला असं कुणी म्हणत नाही. आरोग्याचं ॲप लोकांना धरून ठेवतं की नाही, हे मला विचाराल तर जवळजवळ पूर्णपणे यावरच ठरतं: खाड्यानंतर ते माणसाशी कसं वागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिकडेच जातात.

पायरी १: एकच माणूस निवडा

वहीत 'सर्वांसाठी फिटनेस ॲप' असं लिहिलं असेल तर ते खोडा. या लेखापुरता आपला माणूस असा: पन्नाशीच्या आसपास, तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या कडेच्या वसाहतीत राहणारा, मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन वापरणारा, आणि डॉक्टरांनी 'रोज चालत जा' असं सांगितलेला. जिमशी त्याचा संबंध नाही. चालायला साधन लागत नाही, शिकावं लागत नाही, म्हणून पहिल्या ॲपसाठी चालणं हा विषय मला सर्वांत योग्य वाटतो.

अशा पाच-सहा जणांना भेटा. 'असं ॲप आवडेल का?' हे मात्र विचारू नका, समोरचा तुमचं मन राखायला हो म्हणेल. विचारा, 'गेल्या आठवड्यात कोणकोणत्या दिवशी चाललात? ज्या दिवशी नाही गेलात त्या सकाळी काय झालं?' उत्तरं फार नेमकी येतात. पाणी साडेसहालाच येतं. मुलाचा डबा असतो. गुडघा धरला होता. कोपऱ्यावर कुत्री असतात. शेजारची गावाला गेली, एकटीला जावंसं वाटेना. आठनंतर ऊन सोसत नाही. ही यादी भिंतीवर लावा. 'इच्छाशक्ती नव्हती' असं कारण त्यात क्वचितच सापडेल, आणि तरी बहुतेक ॲप तेवढंच कारण गृहीत धरून लोकांना चेतवायला निघतात.

पायरी २: उद्दिष्ट दिवसाचं नको, आठवड्याचं ठेवा

रोज दहा हजार पावलांचा आकडा जपानमधून आला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे चालण्याची हौस वाढली होती आणि १९६५ मध्ये यामासा कंपनीने 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा लक्षात राहणारा होता, वैद्यकीय संशोधनातून काढलेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७५०० पावलांनंतर फायद्याची चढण सपाट झाली. तुमच्या ॲपने पहिल्याच दिवशी दहा हजार मागितले तर तीन हजार चालून आलेल्या माणसाला आपण नापास झालो असं वाटेल. प्रत्यक्षात त्याने मोलाचं काम केलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचालीची आहे. 'मध्यम श्रम' समजावायला हृदयाचे ठोके दाखवायची गरज नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग. हे एक वाक्य ॲपमध्ये ठेवलं तर कुणालाही कळतं.

आठवड्याच्या उद्दिष्टाचा मोठा गुण असा की खाडा त्यात आपोआप सामावतो. मंगळवार गेला तर शनिवारी दहा मिनिटं जास्त. पहिल्या आठवड्यात उद्दिष्टच देऊ नका, फक्त नोंद घ्या. दुसऱ्या आठवड्यापासून माणूस प्रत्यक्षात जितकं चालला त्यात थोडी भर घालून पुढचं उद्दिष्ट सुचवा. ४० मिनिटं चालणाऱ्याला ५० सांगा. १५० ला तो यथावकाश पोचेल.

पायरी ३: मोजणार कसं ते तपासा

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पावलं मोजणारा सेन्सर असतो आणि तो बॅटरी फारशी खात नाही. नवख्यांची एक चूक इथे ठरलेली: हा सेन्सर फोन शेवटचा चालू केल्यापासूनची एकूण पावलं सांगतो, आजची नव्हे. फोन बंद करून पुन्हा चालू केला की आकडा शून्यावर येतो. म्हणून मागची नोंद साठवून फरक काढत राहावा लागतो, आणि नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर फोन पुन्हा सुरू झाला असं समजून हिशेब जुळवावा लागतो. अँड्रॉइड १० पासून यासाठी वापरकर्त्याची परवानगीही लागते. कुणाकडे पावलं मोजणारं घड्याळ असेल तर 'हेल्थ कनेक्ट'मधून (वेगवेगळ्या ॲपमधल्या आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवणारी अँड्रॉइडची सोय) नोंदी घ्या, प्रत्येक कंपनीसाठी वेगळी जोडणी लिहीत बसू नका.

याहून मोठी अडचण सेन्सरच्या बाहेरची आहे. साडीला खिसा नसतो. घरभर दिवसभर चालणाऱ्या बाईचा फोन फ्रिजवर किंवा ओट्याच्या कडेला असतो. रात्री ॲप सांगतं, '६४० पावलं'. हा आकडा चुकीचा तर आहेच, अपमानकारकही आहे. म्हणून पावलं मुख्य माप करू नका. मिनिटं ठेवा, आणि हाताने नोंदवायची सोय पहिल्या स्क्रीनवर ठेवा: 'आज चालणं झालं', खाली १०, २०, ३० मिनिटांची तीन बटणं. लोक खोटं नोंदवतील ही भीती सोडा. स्वतःच्याच वहीत खोटं लिहून कुणाचं काय बिघडतं? खरं नोंदवायला जागा नसेल तर मात्र खरी माणसं निघून जातात.

'किती कॅलरी जाळल्या' हे ठळक अक्षरांत दाखवू नका, फोनवरून काढलेला तो आकडा ढोबळ अंदाज असतो. जेवणाची नोंद पहिल्या आवृत्तीत घेऊच नका. ते स्वतंत्र आणि अवघड काम आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते उत्तम आहेत, पण त्यात मुख्यतः कच्च्या पदार्थांचं पृथक्करण आहे. वाटीभर आमटीत किती डाळ आणि फोडणीला किती तेल, हे घरागणिक बदलतं.

पायरी ४: पहिली पाच मिनिटं

ॲप उघडल्यावर नोंदणी, ओटीपी, उंची, वजन, जन्मतारीख ही रांग लावू नका. मिनिटं मोजायला वजन लागत नाही. तीनच प्रश्न विचारा: सध्या आठवड्यातून साधारण किती चालणं होतं, कोणती वेळ सोयीची, आणि छातीत दुखणं, चक्कर, हृदयविकार किंवा सांध्यांचा त्रास आहे का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलायला सांगा. चालता चालता छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, तर थांबून लगेच मदत घ्यायची, हेही इथेच सरळ शब्दांत लिहा. आणि 'मधुमेह बरा करणारं ॲप' असले दावे टाळा. ते खोटे असतात. शिवाय निदानाचा किंवा उपचाराचा दावा केला की सॉफ्टवेअरही भारतात वैद्यकीय उपकरणाच्या नियमांखाली येऊ शकतं.

यानंतर लगेच पहिलं चालणं सुचवा, दहा मिनिटांचं. खातं उघडायचं ते नंतर.

पायरी ५: मुख्य स्क्रीन म्हणजे महिन्याचं पान

आलेख, वर्तुळं, टक्केवारी यांपेक्षा आपल्या माणसाला एक गोष्ट जन्मापासून वाचता येते: भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान. तेच मुख्य स्क्रीनवर ठेवा. चाललेल्या दिवशी भरीव ठिपका, न चाललेल्या दिवशी काहीच नाही. लाल फुली नको, रिकामी चौकट पुरे. वर एका ओळीत आठवड्याचा हिशेब: 'या आठवड्यात ७० मिनिटं. ३० राहिली.' खाली नोंदवायची बटणं. एवढंच.

आता मुख्य मुद्दा, साखळीचा. सलग दिवस मोजण्याची युक्ती जोरदार चालते हे खरं आहे, कारण माणसाला कमावलेलं गमावायला आवडत नाही. पण हेच हत्यार तुटल्या दिवशी उलटतं. चाळीस दिवस सांभाळलेलं शून्य झालं की पहिले पाढे पंचावन्न, आणि 'आता जाऊ दे' हा विचार फार सहज येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा सवयींवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ स्वयंसेवकांपैकी प्रत्येकाने एक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांच्या अंदाजापर्यंत. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणावा असा अडथळा आला नाही. म्हणजे साखळी तुटल्याचं भय दाखवणारं ॲप चुकीची भीती घालतं. मोठ्या कंपन्याही हे शिकल्या: ॲपलच्या घड्याळात २०२४ पासून विश्रांतीच्या दिवशी रोजच्या उद्दिष्टांची वर्तुळं थांबवून ठेवता येतात आणि साखळी तुटत नाही.

तुम्ही साखळीऐवजी बेरीज दाखवा. बेरीज कधी कमी होत नाही.

पायरी ६: बेरजेला वाट द्या

नुसती '१८७० मिनिटं' कुणाला काही सांगत नाहीत. तीच बेरीज एखाद्या ओळखीच्या वाटेवर ठेवली की तिला अर्थ येतो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर पालखीमार्गाने सुमारे २५० किलोमीटर. ताशी ४ किलोमीटरने आठवड्याला १५० मिनिटं चालणारा माणूस आठवड्यात १० किलोमीटर जातो, म्हणजे साधारण २५ आठवड्यांत तो पंढरपुरात. मधे पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. अकरा दिवसांचा खाडा पडला तर काय होतं? माणूस लोणंदला मुक्कामी असतो, इतकंच. परत आल्यावर स्क्रीन म्हणते: 'तुम्ही लोणंदला आहात. इथून तरडगावकडे निघायचं.' तो शून्यावर गेलेला नाही, कारण चाललेली वाट पायांखालून कुणी काढून घेत नाही.

हे करताना दोन पथ्यं पाळा. हा वारीचा पर्याय असल्याचा आव आणू नका, आणि देवदेवतांच्या चित्रांची बक्षिसं करू नका. गावाचं नाव, दिवे घाटासारखी चढण, दोन ओळींची माहिती पुरते. दुसरं म्हणजे वाट निवडू द्या. गोव्यातल्या माणसाला पत्रादेवी ते पोळे, म्हणजे अख्खा गोवा उत्तर-दक्षिण चालायला जास्त आवडेल. परदेशातल्या मराठी माणसाला कदाचित आपल्या गावापासून आजोळापर्यंतची वाट हवी असेल, आणि बर्फाच्या दिवसांत घरातल्या घरात चाललेली मिनिटंही त्यात धरली जायला हवीत.

खाड्यानंतरची स्क्रीन स्वतंत्रपणे काढा. तीन दिवसांहून मोठ्या खंडानंतर येणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हरवलेलं दाखवायचं नाही, आणि नेहमीचं उद्दिष्टही द्यायचं नाही. एक लहान वाट द्यायची: 'आज दहा मिनिटं पुरे.' आजारपणानंतर कुणी थेट ४० मिनिटांवर येऊ नये, म्हणूनही हे महत्त्वाचं.

पायरी ७: मराठी मजकूर शेवटी भाषांतरित करू नका

मजकूर मराठीतच विचार करून लिहा. 'तुमचा वर्कआउट लॉग करा' यापेक्षा 'चालणं नोंदवा' छोटं आणि स्पष्ट आहे. 'तू' म्हटलं की 'चाललास' की 'चाललीस' हा प्रश्न उभा राहतो, 'तुम्ही' म्हटलं की 'चाललात' दोघांनाही चालतं, आणि पन्नाशीच्या माणसाला फोनने अहो-जाहो केलेलंच बरं. बटणावर 'मी चाललो' लिहिलं तर निम्म्या लोकांसाठी ते चूक. 'चालणं झालं' सर्वांचं.

एक पाऊल, दोन पावलं: एकवचन आणि अनेकवचन वेगळे साठवा, 'पाऊल/पावलं' अशी तिरकी रेघ नको. ॲपच्या भाषेची नोंद मराठी अशी करा, हिंदीवर भागवू नका. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांचं मराठी वळण वेगळं दिलेलं असतं, ते भाषा बरोबर नोंदवली तरच दिसतं. नवा फॉन्ट घेतला की 'पायऱ्या, दुसऱ्या, हृदय, दृष्टी, वर्षं' एवढे शब्द लिहून बघा. 'ऱ्या' फुटला किंवा वेलांटीचा माथा कापला गेला तर फॉन्ट बदला किंवा ओळींतलं अंतर वाढवा. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात मराठी अक्षरं वरखाली चेपतात.

अक्षरं मोठी, रंगांतला फरक ठसठशीत, आणि बटणं अँड्रॉइडच्या शिफारशीतल्या किमान ४८ डीपीपेक्षा (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं माप मोजायचं एकक) मोठीच ठेवा. हा माणूस ॲप चष्म्याशिवाय, उन्हात, चालता चालता बघणार आहे.

पायरी ८: आठवण

माणसाच्या वागणुकीचा अभ्यास करणारे स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग सांगतात की कृती घडायला इच्छा, सोपेपणा आणि इशारा ही तिन्ही एकाच क्षणी लागतात. म्हणून दुपारी बारा वाजता भर उन्हात आलेली आठवण फुकट जाते. वेळ माणसाला ठरवू द्या आणि शक्यतो रोजच्या कामाला जोडू द्या: 'सकाळचा चहा झाल्यावर', 'संध्याकाळी देवापाशी दिवा लावल्यावर'. अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवायला परवानगी लागते. ती ॲप उघडताक्षणी मागू नका, पहिलं चालणं झाल्यावर मागा. दिवसाला एकच आठवण. सलग पाच आठवणी न उघडता गेल्या तर ॲपने स्वतःहून गप्प व्हावं आणि आठवड्यातून एकदाच हाक मारावी.

पायरी ९: सोबत

एकट्याने जायचा कंटाळा हे कारण भिंतीवरच्या यादीत होतं, आठवतं? त्यावरचा उपाय हजार लोकांची क्रमवारी नव्हे. क्रमवारीत वरच्या पाचांना हुरूप येतो आणि बाकीचे गळतात. चार-सहा ओळखीच्या लोकांचा गट करा आणि सगळ्यांची मिनिटं एकाच वाटेवर मोजा, म्हणजे एकीचा खाडा दुसरी भरून काढते. गप्पांसाठी वेगळी जागा बांधू नका. गट आधीच व्हॉट्सॲपवर आहे. तिथे पाठवता येईल असं एक नेटकं चित्र द्या: 'आमचा गट जेजुरीला पोचला.'

पायरी १०: माहिती सांभाळा

सकाळी रोज कुणी किती वाजता कुठून निघतं, ही माहिती चोराच्याही कामाची असते. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने २०१७ मध्ये वापरकर्त्यांच्या धावण्या-चालण्याचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. नावं काढलेली होती, तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड भागांतले लष्करी तळ त्यात उजळून दिसताहेत. आपल्या ॲपला मिनिटंच हवी आहेत, मग ठावठिकाण्याची परवानगी मागूच नका. जी माहिती घेतली नाही ती फुटत नाही.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही. मराठी सूचना दहा ओळींत बसवा, आणि 'माझी सगळी नोंद पुसा' हे बटण सहज सापडेल असं ठेवा. १८ वर्षांखालील मुलांसाठी नियम बरेच कडक आहेत, पहिलं ॲप मोठ्यांपुरतंच ठेवा.

पायरी ११: कागद, मैदान, मग प्ले स्टोअर

कोड लिहिण्याआधी पाच स्क्रीन कागदावर काढा: पहिले प्रश्न, महिन्याचं पान, नोंद, वाट, खाड्यानंतरची. त्या माणसांसमोर ठेवा आणि म्हणा, 'तुम्ही आत्ता अर्धा तास चालून आलात. काय कराल?' मग गप्प बसा. बोट कुठे अडखळतं ते लिहा, मदत करू नका. पाच जणांत बहुतेक मोठ्या चुका सापडतात. पुढचं नमुना-ॲप घेऊन सकाळी साडेसहाला त्यांच्याबरोबर खरोखर चाला. उन्हात न दिसणारी अक्षरं आणि घामेजल्या बोटाला न दबणारी बटणं टेबलावर सापडत नाहीत.

प्ले स्टोअरवर खात्याची एकदाच भरायची फी २५ डॉलर आहे. नव्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते. अनेकांना ही कटकट वाटते. तुम्ही मात्र ते चौदा दिवस नीट वापरा, कारण खाडा तेव्हाच पडतो. ॲपमध्ये किती वेळ घालवला हे मोजू नका, तुमचा माणूस रस्त्यावर असायला हवा, स्क्रीनवर नव्हे. एकच आकडा काढा: सलग तीन दिवस खाडा पडलेल्यांपैकी किती जण पुढच्या सात दिवसांत पुन्हा चालले. जे परतले नाहीत त्यांना पंधराव्या दिवशी फोन करा आणि विचारा, 'परत उघडलंत तेव्हा समोर काय दिसलं?' त्यांचे शब्द आहेत तसे लिहून घ्या आणि खाड्यानंतरची स्क्रीन त्या शब्दांवरून पुन्हा काढा.